वरच्या आळीतला पिंडपात

सुमनसिरी भंते आमच्या गावात आले ते माझ्या बाबांच्या गाडीनं. बाबा रिसोड डेपोत कंडक्टर होते. गाडीत बसलेला माणूस कोणी का असेना, तिकीट फाडल्याशिवाय त्यांचा हात स्वस्थ बसत नसे. अकोल्याच्या उपासकांनी एका काषायवस्त्रातल्या तरुण माणसाला गाडीत बसवून दिलं आणि हे पैशाला हात लावत नाहीत एवढंच सांगितलं. बाबांनी आपल्याच खिशातून त्यांचं तिकीट काढलं आणि ते रीतसर फाडून त्यांच्या हातात दिलं. भंतेजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि एखादं मानपत्र मिळाल्यासारखं झोळीत जपून ठेवलं. ही गोष्ट बाबा पुढं निवृत्त होईपर्यंत सांगत असत, आणि निवृत्त झाल्यावर तर जास्तच.

त्यांना आमच्या गावात बोलावण्यातही बाबांचाच हात होता. सिंहलद्वीपातल्या एका मोठ्या विहारानं त्या वर्षी काही भिक्खू आपल्याकडं धम्मदूत म्हणून पाठवायचे ठरवले होते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एकाच जागी मुक्काम करतात, त्याला वर्षावास म्हणतात. तो शहरात न करता खेड्यात करावा, अशी त्यांच्या गुरूंची इच्छा होती. अकोल्याच्या बसस्टँडवर चहा पिता पिता कुणीतरी बाबांजवळ हा विषय काढला. बाबा म्हणाले, "मंग आमच्या गावाले पाठवा ना." घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पावसायाचे दिस. विहाराचा पत्रा गळते. आन् तुमी परदेशातला मानूस बोलावला." बाबा म्हणाले, "पत्रा टाकून घेऊ." आणि खरंच, पुढच्या दोन रविवारी वस्तीतल्या सगळ्या माणसांनी मिळून पत्रा टाकला. मातीची जमीन सारवली. कोपऱ्यात बाज ठेवली. बाज फार उंच तर नाही ना, यावर एक पूर्ण संध्याकाळ वाद झाला, कारण भिक्खूनं उंच आसनावर झोपू नये असं कुणीतरी वाचलं होतं. शेवटी तुळशीराम आजानं करवत आणून बाजेचे पायच कापले.

तुळशीराम आजा आमच्या वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. माझा सख्खा आजा नव्हे, पण साऱ्या वस्तीचा आजा. काठीला टेकून बोलायचा आणि बोलताना कुणी मधे तोंड घातलं तर बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्यामुळं त्याच्या मधे कुणी बोलत नसे.

मी तेव्हा रिसोडला बारावीत होते. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. वस्तीत इंग्रजी समजणारी माणसं तशी दोन-चार होती, पण ती नोकरीसाठी बाहेरगावी. राहिले मी. माझं इंग्रजी म्हणजे पुस्तकातले धडे आणि व्याकरणाच्या चुका. तरी पहिल्याच संध्याकाळी मला विहारात बोलावणं आलं. साठ-सत्तर माणसं बसलेली आणि समोर पाय कापलेल्या बाजेवर ते बसलेले. वय तिशीच्या आतबाहेर, रंग आमच्यासारखाच काळासावळा, हसले की गालाला खळी पडायची. पहिला प्रश्न मायनंच विचारला. धम्म नाही, निब्बाण नाही. "त्याइले इचार, माय हाये का तुमची? आन् तिनं येऊ कसं देलं एवढ्या दूर?" मी घाबरत घाबरत इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले, आई आहे, आणि निघताना ती रडली नाही, मात्र विमानतळावर तिनं त्यांच्या झोळीत दोन किलो तांदळाचं पीठ कोंबलं. मी हे मराठीत सांगितलं आणि सगळ्या बायकांनी "हां" असा हुंकार भरला. त्या क्षणापासून ते आमच्या बायकांचे झाले. पुरुषांना अजून थोडा वेळ लागणार होता.

पुरुषांनी विचारलं, तुम्ही इथं कशासाठी आलात. तुळशीराम आजा म्हणाला, "हा धम्म तं आमच्याच इथून तुमच्याकडं गेला. इथल्या सम्राटानं आपल्या पोटच्या पोराले आन् पोरीले समुद्रापार धाडलं, तवा तुमाले भेटला. मंग तुमी आमाले काय शिकवान?" मला हे इंग्रजीत सांगताना घाम फुटला. भंतेजी मात्र मान डोलावत राहिले आणि म्हणाले की बरोबर आहे, तेव्हा तुम्ही पाठवलं, आता आम्ही पाठवतो आहोत. मी भाषांतर करायच्या आधीच मायला अर्थ लागला असावा. ती शेजारणीला म्हणाली, "उसनं नेलं होतं, आता वापस कराले आले." विहारभर हसू पसरलं. आज मी धम्मदूत या शब्दावर मोठमोठ्या विद्वानांची भाषणं ऐकते, वाशीमला त्यासाठी सभागृह भरतं. पण दूत पाठवणं म्हणजे काय हे मायनं भाकरीच्या पिठाच्या भाषेत सांगितलं त्याच्या पुढं फारसं कुणी गेलेलं मला आढळलं नाही.

जेवणाची पाळी घरोघर लावली होती. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, आणि आमच्या बायका तर सकाळीच निंदणाला निघायच्या. त्यामुळं वस्तीच्या चुली पहाटेच पेटायच्या. त्या तीन महिन्यांत आमच्या वस्तीचा सकाळचा आवाजच बदलला. आधी भाकरी थापल्याचा पट्पट् आवाज, मग विहारातून पालीतली वंदना, मग शेतावर निघालेल्या बायकांची हाकाहाक, "अवं निंघ ना, ऊन झालं." भंतेजींना भात, नारळ आणि मासोळीची सवय. इथं ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, आणि पाळी भागीरथा मावशीची असली तर ठेचा. पहिल्या दिवशी त्यांनी ठेचा चटणीसारखा बोटभर घेतला आणि पुढची पंधरा मिनिटं ते डोळे मिटून बसले. मावशी खूश. "पाहा, ध्यान लागलं," म्हणाली. पण चार आठवड्यांत त्यांना ठेच्याशिवाय भाकर जाईना.

भाषा त्यांनी मायकडूनच उचलली. त्यांच्याजवळ मराठी शिकायचं एक छापील पुस्तक होतं. त्यात केळे, डोळे, शाळा असे शब्द. माय म्हणायची, "केय. डोये. शाया." ते पुस्तकात पाहायचे, मायकडं पाहायचे, आणि शेवटी पुस्तक मिटायचे. महिन्याभरात ते "मले भाकर पायजे" आणि "तुमी काहून हासून राह्यले" असं बोलू लागले. पुढं एकदा पुण्याहून एक प्राध्यापक त्यांना भेटायला आले, तर भंतेजींनी त्यांना विचारलं, "कवा आले? बसा ना बाप्पा." प्राध्यापकांचा चेहरा मला अजून दिसतो.

आता मूळ गोष्टीकडं येते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ. वर मारुतीचं देऊळ, पार, आणि देवळापासून सरळ जाणारी वरची आळी. तिच्या मधोमध बापू पाटलांचं माडीचं घर. आमचं वर जाणं-येणं होतं. किराणा दुकान वर, पिठाची गिरणी वर, पाटलांच्या वावरात आमच्या बायका कामालाही जात. पण एकदा, मी लहान असताना, आमची बुद्धपौर्णिमेची मिरवणूक वरच्या आळीत अडवली होती. मारामारी झाली नाही. नुसती माणसं आडवी उभी राहिली, आणि आमची माणसं मागं वळली. तेव्हापासून मिरवणूक नाल्याकाठच्या पांदीनंच, त्या अरुंद गाडीवाटेनंच, निघायची, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

एके संध्याकाळी वंदना झाल्यावर भंतेजींनी मला विचारलं, हे गाव इथंच संपतं का? मी म्हटलं, नाही, वर मोठं गाव आहे. ते म्हणाले, मग मी उद्यापासून पिंडपाताला जाईन. पिंडपात म्हणजे भिक्खूनं पात्र घेऊन घरोघर उभं राहायचं, कुणी शिजलेलं अन्न घातलं तर घ्यायचं, नाही घातलं तर पुढं जायचं. त्यांच्या देशात रोजची गोष्ट. एकही घर वगळायचं नाही असा नियम. मला अर्ध्या गावाकडं पाठवलेलं नाही, असं ते म्हणाले.

मी हे सगळ्यांना सांगितलं. बाबा पहिल्यांदा बोलले. "नाही. हे होनार नाही." त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं ते वरच्या लोकांना भितात. पण ती भीती नव्हती. तुळशीराम आजानं काठी पुढं घेतली आणि तो बोलू लागला, आणि त्या दिवशी मधे बोलायची कुणाला इच्छाही झाली नाही.

"भंतेजी," आजा म्हणाला, "माह्यी माय टोपली घेऊन वरच्या आळीत जाये. मांगच्या दारानं. 'भाकर वाढा माय' म्हने. मी तिच्या लुगड्याले धरून उभा. शियी भाकर वरतून टाकत टोपलीत. मंग छप्पन साली आमी नागपूरले गेलो, धम्म घेतला. वापस आलो आन् मायनं थे टोपली नाल्यात फेकली. मेलो तरी कोनाच्या दारात भाकर मांगनार नाही, अशी शपथ घेतली साऱ्या वस्तीनं. आता तुमी आमचेच गुरू होऊन त्याच दारात भांडं घेऊन जान?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, शब्द अपुरे पडत होते, मधे मी रडायलाच लागले.  भंतेजी बाजेवरून उठून खाली आजाच्या समोर जमिनीवर बसले आणि माझी मदत न घेता आपल्या मोडक्या वऱ्हाडीत म्हणाले, "आजा, मी मांगत नाही. मी उभा राह्यतो. मांगच्या दारी नाही. समोर."

त्यावर कुणी हो म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. सभा तशीच उठली. घरी बाबा मला म्हणाले, "तू जाशील नाही त्याइच्यासंगं." माय म्हणाली, "मंग कोन जाईन? तिथं कोनी काही बोललं तं त्याइले समजन तरी का?" बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. आमच्या घरी याचा अर्थ परवानगी असा होत असे.

सकाळी मी छत्री घेऊन विहारापाशी गेले तर आजा आधीच तिथं उभा. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा फेटा. बुद्धपौर्णिमेलाच घालायचा तो पोशाख. "मी समोर चालतो," म्हणाला, "पन हात पसरनार नाही." असे आम्ही तिघं निघालो. पुढं काठी टेकत आजा, मधे अनवाणी, नजर खाली ठेवून भंतेजी, मागं मी. पाऊस थांबलेला होता, आळीत चिखल. देवळाच्या पारावर बसलेली माणसं बोलायची थांबली. एका कुत्र्यानं भुंकून पाहिलं आणि मग आमच्याबरोबर चालायला लागलं.

पहिलं घर बंद होतं. भंतेजी दारासमोर श्वासभर उभे राहिले आणि पुढं सरकले. दुसऱ्या घरातून बाई न येता नुसता आवाज आला, "पुढं व्हा." दारात आलेल्या भिकाऱ्याला म्हणतात तसं. माझ्या कानशिलात आग पेटली. भंतेजींनी मात्र कुणी रस्ता दाखवला तर आपण मान लववतो तशी मान लववली आणि ते पुढं झाले. तिसऱ्या घरी एक पोर धावत आत सांगायला गेलं आणि बाहेर कुणी आलंच नाही. आणि मग पाटलांचं घर.

पाटलीणबाई दारातच होत्या. थोराड बांध्याची बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की वावरात उभं राहून बोलल्या तर घरी ऐकू यावा. दारात साधू, गोसावी, फकीर येणं त्यांना नवं नव्हतं. त्यांनी सूप भरून ज्वारी आणली. मी पुढं झाले. "पाटलीनबाई, कच्चं धान्य चालत नाही त्याइले. शिजलेलं लागते."

"तू कोनाची वं?"

"कंडक्टरची."

"शिजलेलं म्हंजे? आमच्या चुलीवरचं?" असं म्हणताना त्यांची नजर माझ्यावरून आजाकडं गेली आणि तिथंच थांबली. "तुळशीराम नाही का तू?"

"हो, पाटलीनबाई."

"तू कायले आला?"

"मी मांगाले नाही आलो. पाहुन्याले रस्ता दाखवाले आलो."

एवढ्यात आतून बापू पाटील आले. हातात वर्तमानपत्र, डोळ्याला चष्मा. ते गावात रोज पेपर वाचणारे एकटेच, आणि देशाचं राजकारण आपल्याला विचारून चालतं अशी त्यांची थोडी समजूत होती. मी त्यांना सांगितलं की हे सिंहलद्वीपाहून आलेत, त्यांना तिकडून पाठवलंय. पाटलांनी पेपराची घडी घातली. "पाठवलं? म्हंजे वकील हायेत हे. त्या राज्याचे वकील." जुन्या बखरीतला शब्द त्यांनी असा उच्चारला की त्यांचं स्वतःचंच समाधान झालेलं दिसलं. "वकील शत्रूचा असला तरी त्याले दारातून उपाशी धाडत नसतात. पद्धत हाये." आणि त्यांनी बाईंना आत जायची खूण केली.

माझा जीव भांड्यात पडला. पण भंतेजींनी हळूच विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं की ते तुम्हाला राजदूत समजतात, म्हणून जेवण देतात. भंतेजी म्हणाले, नाही, मला सरकारनं पाठवलेलं नाही, सांग त्यांना. मी म्हटलं, कशाला सांगायचं, ते देतायत ना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण असं पाहिलं की मला सांगावंच लागलं. "पाटील, हे म्हनतात, मी वकील नाही. साधा भिक्खू हावो. गावात आलो म्हनून तुमच्या दारात आलो."

पाटलांना काय करावं समजेना. मान राखायला एक चांगली वाट सापडली होती आणि समोरच्या माणसानं तीच बंद केली. ते चष्मा काढून पुसू लागले. पारावरची माणसं उठून जवळ आली होती. भंतेजी तसेच उभे, पात्र पोटाशी, नजर खाली. आजा ताठ उभा. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेल आणि सगळं मोडेल, आणि मग पुन्हा आम्ही तसेच मागं वळू.

पाटलीणबाई आत गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तव्यावरून उतरवलेली भाकर होती आणि वाटीत वरण. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. पायरी उतरून समोर येऊन त्यांनी भाकर पात्रात ठेवली आणि मला म्हणाल्या, "गरम हाये, हात पोयन म्हना त्याचा. सांग त्याले."

मी सांगायच्या आत भंतेजींनी पालीतलं मंगल म्हटलं. मग मान वर करून स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाले, "सुखी राह्यजा, माय."

पाटलीणबाई दोन पावलं मागं सरकल्या. "हा तं आपलंच बोलते. मंग ही पोरगी मघापासून मधात काहून बोलून राह्यली?"

पारावरची माणसं हसली. पाटील हसले. मलाही हसू आलं, आणि चिखलातून परत येताना ते थांबेना.

विहारात भंतेजींनी पात्र उघडलं. ते नेहमी आधी दुसऱ्यांना द्यायचे. आजासमोर त्यांनी अर्धी भाकर धरली. आजानं मान हलवली. "थे तुमची हाये, माह्यी नाही." भंतेजींनी आग्रह केला नाही. त्यांनी ती एकट्यानं खाल्ली आणि आजा बाजूला बसून राहिला. मला तेव्हा आजाचा थोडा राग आला होता. आता त्याच्या वयाला पोचत आल्यावर वाटतं, त्या सकाळी आळीतून ताठ चालत जाणं हेच त्याला करायचं होतं. भाकर हा त्यातला त्याचा भाग नव्हताच.

त्यानंतर दर पौर्णिमेला आणि अमावास्येला भंतेजी वरच्या आळीत जात. काही घरं वाढू लागली, काही नाही. "पुढं व्हा" म्हणणारं घर शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलं, आणि भंतेजी शेवटपर्यंत मान लववत राहिले.

वर्षावास संपताना चीवरदानाचा समारंभ असतो. भिक्खूंना नवीन वस्त्रं देतात. त्यासाठी त्यांचे गुरू येणार, सोबत त्यांच्या देशाच्या वकिलातीतला एक अधिकारी येणार आणि ते विहाराला बुद्धमूर्ती देणार, असा निरोप बाबांनी अकोल्याहून आणला. वस्तीत धावपळ उडाली. मूर्तीची मिरवणूक कुठून काढायची, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्या तोंडात नव्हता. बाबा म्हणाले, पांदीनंच काढू, कशाला पाहुण्यांसमोर तमाशा. तसं ठरलं. पण परतीचा पाऊस त्या आठवड्यात दणकून झाला. पाहुण्यांची पांढरी मोटार नाल्यापाशी आली आणि अर्ध्या चाकांपर्यंत चिखलात रुतली. आमची माणसं ढकलून ढकलून चिखलानं माखली. पुढच्या आसनावर गुरू होते, मागं सूटबूट घातलेला अधिकारी काच खाली करून बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या आसनावर ओढणीत गुंडाळलेली मूर्ती.

तेवढ्यात वावरातून ट्रॅक्टर आला. बापू पाटील स्वतः चालवत होते. "वकील आले म्हने आज," त्यांनी विचारलं. यावेळी खरेच आले होते. त्यांनी दोर बांधला, मोटार ओढून काढली, आणि दोर न सोडता ट्रॅक्टर वरच्या अंगाला वळवला. बाबा धावत पुढं गेले. "पाटील, इकडून खाली घ्या, पांदीनं." पाटील म्हणाले, "पांदीत अजून फसन. आयीत मुरूम हाये." आणि गेले. पुढं पाटलांचा ट्रॅक्टर, मागं दोराला मोटार, मोटारीत मूर्ती, मोटारीमागं आमची सगळी वस्ती, चिखलानं भरलेल्या पांढऱ्या कपड्यांत. देवळासमोरून, पारासमोरून. कुणी आडवं उभं राहिलं नाही. ट्रॅक्टरसमोर आडवं कोण राहणार? अर्ध्या आळीत आल्यावर भागीरथा मावशीच्या लक्षात आलं की ही मिरवणूकच आहे, आणि तिनं गाणं सुरू केलं.

समारंभात भाषांतर पुन्हा माझ्याकडं आलं. अधिकाऱ्यानं मोठं भाषण केलं, दोन देशांमधले प्राचीन संबंध वगैरे. संबंध या शब्दासाठी मला घाईत काही सुचेना आणि मी म्हटलं, "आपल्या दोन देशांची फार जुनी सोयरीक हाये." बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "मंग पोरगी त्याइची का आपली?" अधिकारी गोंधळला, भंतेजींनी त्याला कानात अर्थ सांगितला, आणि मग तोही हसला. भाषणानंतर त्यानं भंतेजींना विचारलं, तीन महिन्यांत तुम्ही इथं काय काम केलंत? त्याला बहुधा वर कळवायचं होतं. भंतेजी म्हणाले, मी इथं जेवलो. अधिकारी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. पुढचं वाक्य नव्हतं. मला फार वाईट वाटलं, की एवढं सगळं घडलं आणि हे काहीच सांगत नाहीत. मी मधे पडून सांगू लागले, तर गुरूंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.

ते गेले तेही बाबांच्याच गाडीनं. वस्तीच्या बायकांनी एवढे पापड, कुरड्या आणि ठेचा बांधून दिला की बाबांनी सामानाचं वेगळं तिकीट लागेल म्हणून धमकावलं. पुढं मी शिकले, मानोऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवलं, तांड्यावरच्या पोरांना तीस वर्षं. भंतेजी आता त्यांच्या विहाराचे प्रमुख आहेत. नातू मोबाईलवर त्यांचा चेहरा लावून देतो. ते थकलेत, पण अजून "काय करून राह्यली वैशाली" असंच विचारतात. सगळं बदललं असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या वाटेवरून पुन्हा बोलणी करावी लागली, त्याच्या पुढच्या वर्षीही. पण बोलणी करता येतात, हे दोन्हीकडं कळलं होतं.

ते गेल्यानंतर कापूस फुटला. पौर्णिमेच्या सकाळी मी ओट्यावर अभ्यास करत होते. पाहते तर पाटलीणबाई आमच्या वस्तीतून एकट्याच येतायत, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. वस्तीतली पोरं खेळायची थांबून पाहत होती. त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज आला नाही तो. तब्येत तं बरी हाये ना त्याची?"

माय आतून पदर सावरत आली. "गेले ना थे, पाटलीनबाई. आपल्या देशाले गेले. आठ दिस झाले."

"गेला?" त्यांचा चेहरा उतरला. "मले सांगून नाही गेला." हातातल्या ताटाकडं त्यांनी पाहिलं. ते घेऊन आता परत जायचं की ठेवायचं, ते त्यांना कळेना. मायलाही कळेना. पाटलांच्या घरातलं कुणी आमच्या ओट्यापर्यंत कधी आलेलं नव्हतं.

"बसा ना," माय म्हणाली. "चाय ठेवतो."

मी उठून जागा केली. पाटलीणबाईंनी एकदा आळीच्या दिशेनं पाहिलं, मग ताट बाजूला ठेवलं आणि ओट्याच्या कडेवर बसल्या. नुसत्याच. पोरं हळूहळू पुन्हा खेळायला लागली. चहा झाला. मी कपबशी नेऊन त्यांच्यासमोर धरली. त्या क्षणभर कपाकडं पाहत राहिल्या, आणि माझा हात तसाच राहिला. मग त्यांनी कपबशी घेतली, चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायल्या.

"साखर कमी तं नाही ना झाली?" मायनं विचारलं.

"थोडी कमी हाये," पाटलीणबाई म्हणाल्या.

माय आत गेली, चिमूटभर साखर आणून तिनं त्यांच्या बशीत टाकली. पाटलीणबाईंनी ती बोटानं ढवळली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.